बाप चूप आणि शटर खाली

गेल्या मे महिन्यात एका रविवारी मी स्वतःच्याच मयतीचं पिठलं खाल्लं, आणि दुसऱ्यांदा मागूनही घेतलं.

हसू नका, आधी ऐका. महाल नावाच्या जुन्या वस्तीत माझं कुलरचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. पत्रा कापायचा, ठोकायचा, गवत भरायचं, असं तीस वर्षं चाललंय. त्या खणखणाटावर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी घरात चहा मागितला, की चौकातला टपरीवाला कप विसळायला घेतो! (हे शोभाचं म्हणणं. शोभा माझी बायको. तिचा स्वतःचा आवाजही काही कमी नाही, पण ते तिला कोण सांगणार?)

आमची एकुलती एक मयुरी पुण्याला नोकरी करते. तिथंच तिनं मुलगा पसंत केला. सेंथिल नावाचा, कोईमतूरचा. पोरगा सोन्यासारखा, माझी काहीएक हरकत नव्हती. भानगड एवढीच, की त्याच्या आईवडिलांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही, आणि आम्हाला तमिळ येत नाही. मधे उरली इंग्रजी. त्याच्या वडिलांशी फोनवर माझं पहिलं बोलणं झालं, तेव्हा मी सलग अकरा मिनिटं ‘येस येस, थँक्यू’ म्हणालो. तिकडूनही काहीतरी येत होतं, पण घाम पुसण्याच्या नादात माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

मग ठरलं, की मंडळी रविवारी दुपारी जेवायला येणार आणि लग्न पक्कं करणार. मंगळवारी मयुरीचा फोन आला.

“बाबा, राग नका मानू. रविवारी बोलाले विलास मौसाजी बसले तर?”

विलासराव माझे साडू, शोभाच्या बहिणीचे यजमान. रामदासपेठेत राहतात, मोठ्या हापिसातून रिटायर झालेत आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हटल्याशिवाय पाणी पीत नाहीत.

“बसले तर म्हंजे? बाप म्हणून बसतीन?”

“तसं नाही हो बाबा. फक्त बोलापुरतं.”

बोलण्यापुरता बाप! अहो, पोरीचं लग्न ठरवताना बापाला बोलण्याशिवाय दुसरं काम काय असतं? तिथं साडू बोलणार, आणि मी काय, पंखा लावू? त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. पोरीला आपल्या बापाची लाज वाटते की काय, हा विचार काही डोक्यातून जाईना.

सकाळी उठलो ते रागातच. विलासरावांना फोन लावला. “माह्या पोरीचं लगन मीच ठरवीन, आन् इंग्रजीतच ठरवीन!”

“अ‍ॅक्च्युअली वामनराव, चार दिवसांत?”

“चारच दिवसात! आजपासून रविवारच्या जेवणापर्यंत माह्या तोंडून मराठीचा एक शब्द निंगाला, तर बापाच्या खुर्चीवर तुमी बसा. मी खाली दुकानात जाऊन बसतो!”

हे माझ्या डोक्यातलं नव्हतं, पुस्तकातलं होतं. जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावरून मी एक पातळसं पुस्तक आणलं होतं. त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं : मातृभाषा तोंडातून हद्दपार करा, इंग्रजी आपोआप येईल. मी मातृभाषा हद्दपार केली. इंग्रजी काही आली नाही. राहिलं काय? चिडीचूप!

शोभा म्हणाली, “मी बोल्ली का तुमी उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. त्यापेक्षा मीबी चूप.” हे तिचं शेवटचं मराठी. पण तिचं फारसं अडलं नाही, कारण आमचं स्वयंपाकघर आधीच इंग्रज झालेलं. “गॅस! कुकर! ऑफ!” एवढ्यात तिचा संसार चालला. अडलं माझं. मे महिना म्हणजे कुलरवाल्याची दिवाळी, दुकानात गिऱ्हाईक मावत नाही. पहिल्याच दिवशी एक बाई आल्या, म्हणाल्या, “भाऊ, पंप काहून बंद पडून राहिला?” मी पुस्तकातल्या म्हणी आठवल्या. वाक्प्रचारांच्या पानावरचं एकच वाक्य पाठ झालं होतं, ते ठोकून दिलं : “इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.” बाहेर पंचेचाळीस डिग्री! बाई दोन पावलं मागे सरल्या आणि पंप तिथंच टाकून निघून गेल्या. मी शटर खाली ओढलं, फोन बंद केला आणि पुस्तक घेऊन वर जाऊन बसलो.

आता गल्लीच्या बाजूनं पाहा. ज्या माणसाच्या आवाजानं गल्ली उठते, त्याचा आवाज बंद. ऐन मे महिन्यात कुलरच्या दुकानाचं शटर खाली. शेजारच्या नलूवहिनींनी शोभाला गच्चीवर विचारलं, “काय वं शोभा, भाऊजी दिसून नाही राहिले?” शोभानं तोंडावर बोट ठेवलं आणि दोन्ही हात आभाळाकडे उचलले. (‘माह्या नवऱ्यापुढं देवानंच हात टेकले’, असं तिला सांगायचं होतं म्हणे.) शनिवारी मयुरी पुण्याहून आली. बसमधे झोप न झाल्यानं पोरीचे डोळे लाल. पाठोपाठ विलासरावांची गाडी आली. रविवारी सकाळी शोभानं पाहुण्यांसाठी पुढच्या खोलीत पांढरीशुभ्र चादर अंथरली, ती खिडकीतून दिसली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, घरात चूल पेटली नाही! कारण विलासरावांचा सल्ला : “अ‍ॅक्च्युअली, ते साउथचे लोक आहेत, आपण हॉटेलमधून इडली-सांबारच मागवू.” ते आणायला, आणि विमानतळावरून पाहुणे घ्यायला, विलासराव मयुरीला घेऊन गेले. घरी राहिलो मी आणि शोभा.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या घरात कोणी जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं, भाकरी, भात घेऊन येतात आणि घरच्यांना बळेबळे दोन घास खाऊ घालतात. त्याला म्हणतात कडू घास. साडेअकराला दार वाजलं. उघडतो तर पुढं पिठल्याचं पातेलं घेऊन नलूवहिनी, मागं भाकरीच्या टोपल्या घेतलेल्या पाच-सहा बाया, आणि त्यांच्या मागं खांद्यावर दुपट्टे टाकलेले गल्लीतले सगळे बाप्ये!

मला पाहून नलूवहिनींनी पातेलं उंबऱ्यातच ठेवलं. “अरे बापा! भाऊजी तर जित्ते हायेत!”

“मंग गेलं कोण?” मागून बंडूभाऊंनी विचारलं. (बंडूभाऊंनी बांबूवाल्याला फोनही करून ठेवला होता. गल्लीत असा तत्पर माणूस दुसरा नाही.)

शोभा बाहेर आली. तिनं तोंड उघडलं, मी डोळे वटारले, तिनं पदर तोंडात कोंबला. झालं! बायांना वाटलं, हुंदका. दोघी-तिघींनी तिला धरून खाली बसवलं आणि सूर लावला.

“अवं पण गेलं कोण?”

“दूरचं असंन कोणी,” नलूवहिनी ठामपणे म्हणाल्या. “कोणीतरी गेलंच असंन नं! मी का उगाच एवढं पिठलं केलं?”

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, मराठीत एक वाक्य बोल आणि मोकळा हो! कसा बोलू? अर्ध्या तासावर पाहुणे, अर्ध्या तासावर माझी खुर्ची! चार दिवस जीभ दाबली, ती काय आता सोडू? मी पुस्तकाचा धावा केला. रेल्वे स्टेशनवर, पोस्टात, दवाखान्यात... आणि अकरावा धडा : शोकप्रसंगी. मी हात जोडून सगळ्यांना म्हणालो, “आय शेअर युअर ग्रीफ.”

“पाहा माय,” बंडूभाऊ हळहळले, “धक्क्यानं भाऊ इंग्रजी बोलून राहिले!”

कोणीतरी माझ्या डोक्यावर पाणी थोपटलं. दुसऱ्यानं कांदा नाकाशी धरला. आणि नेमकी तेव्हाच खाली गाडी थांबली.

पुढं विलासराव, मागं सेंथिलचे वडील पांढऱ्याशुभ्र लुंगीत आणि पांढऱ्या शर्टात, त्यांच्यामागं त्याची आई. पांढरे कपडे पाहून सगळे बाप्ये उठून उभे राहिले. सेंथिल आणि मयुरी इडलीचे डबे काढत खालीच होते. नलूवहिनींनी सेंथिलच्या आईला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. ती माउली बिचारी दोन क्षण थांबली आणि तीही रडायला लागली. समोरचा रडतोय तर आपणही रडावं, ही माणुसकी कोईमतूरलाही आहे.

विलासराव पुढं झाले. “अ‍ॅक्च्युअली, देअर सीम्स टू बी सम मिसअंडरस्टँडिंग...” आणि मग जी गाडी सुटली, ती थांबेचना. सेंथिलचे वडील घाम पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, “येस, येस. थँक्यू.”

मी कान टवकारले. हे मी कुठंतरी ऐकलंय! फोनवर, अकरा मिनिटं, तिकडून हेच येत होतं!

तेवढ्यात त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पातळसं पुस्तक काढलं. वरची अक्षरं तमिळ, कोपरे दुमडलेले. एका पानावर बोट ठेवलं, माझ्यासमोर आले आणि एकेक शब्द वाचत म्हणाले, “आय... शेअर... युअर... ग्रीफ.”

तो माणूस त्या एका वाक्यासाठी केवढा घाबरला होता! माझ्यासारखाच रात्री-रात्री पाठ करत बसला असणार. आपल्या पोराच्या लग्नात आपल्यालाही बाजूला बसवतील, याची भीती त्यालाही वाटली असणार. माझं चार दिवसांचं धरण फुटलं.

“अहो, कोणी मेलं नाही!” मी ओरडलो. “मी जित्ता हाओ! शोभा जित्ती हाये! सारे जित्ते हायेत! अन् मले इंग्रजी येत नाही, नाही येत, जा! काय करता?”

खिडक्यांची तावदानं हादरली. खालून टपरीवाला ओरडला, “भाऊ आले वापस!” सेंथिलच्या वडिलांना शब्द एकही कळला नसेल, पण मजकूर सगळा कळला. ते खो-खो हसले, पुस्तक खिशात कोंबलं, माझा हात धरला आणि तमिळमधे भलंमोठं काहीतरी बोलले. मीही त्यांना मराठीत भलंमोठं काहीतरी सांगितलं.

विलासरावांनी घसा खाकरला. “वामनराव, अ‍ॅक्च्युअली, पैज हरलात तुम्ही.”

 मी खुर्चीकडं पाहिलं, मग जिन्याकडं. पैज म्हणजे पैज. पायात चप्पल घालायला वाकलो, तर दारात मयुरी उभी, हातात सांबाराचा डबा.

“खुर्ची तुमीच घ्या मौसाजी,” ती म्हणाली. “माह्ये बाबा खालीच बसतीन. माह्या सासऱ्याजवळ.”

आणि तिनं माझी चप्पल पायानं जिन्याखाली ढकलून दिली.

मग काय! त्या पांढऱ्या चादरीवर आम्ही दोघे मांडीला मांडी लावून बसलो आणि लग्न ठरलं, अर्धं मराठीत, अर्धं तमिळमधे. सेंथिलच्या आईनं इडलीकडे एकदा पाहिलं (तेच तोंड मीही करीन, कोणी मला कोईमतूरला बोलावून तर्रीपोहे वाढले तर!) आणि पिठल्याचं पातेलं जवळ ओढलं. “थांबा!” नलूवहिनी किंचाळल्या. “शुभकार्याले कडू घास नाही चालत!” त्यांनी घरून गूळ आणला, प्रत्येकाच्या ताटात एकेक खडा ठेवला, आणि कडू घास गोड झाला. खुर्चीवर विलासराव एकटेच इडली खात होते.

लग्न दिवाळीनंतर आहे. ते पुस्तक मी बंडूभाऊंना देऊन टाकलं. पण गल्लीचा माझ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. बंडूभाऊ म्हणतात, “भाऊ, बांबूवाल्याचा नंबर मी ठेवून घेतला हाये, चूप बसायचं असंन तर आधी सांगजा.” म्हणून आता रोज सकाळी सात वाजता मी गॅलरीत उभा राहून मोठ्यानं खाकरतो, आणि नलूवहिनी खालून ओरडतात, “ऐकू आलं भाऊजी, पिठलं रद्द!” पेन्शनवाले हयातीचा दाखला वर्षातून एकदा देतात. मला तो रोज द्यावा लागतो, आणि तोही मराठीत.