लागू नाही

द्वारकेच्या स्टेडियममध्ये स्पर्धेच्या डॉक्टरने एका खेळाडूला फसवलं. मी व्हीलचेअरचे टायर विकतो. माल घेऊन गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं.

तो साताऱ्याकडचा निवृत्त जवान, दोन्ही पाय गुडघ्यापासून नाहीत. बास्केटबॉल खेळायचा. टायर अंगठ्याने दाबून बघायचा आणि माझ्याशी हट्टाने घासाघीस करायचा. "दादा, परमुलखात आपल्याच माणसाला लुटता होय?"

त्या दिवशी टक्कर झाली, खुर्ची उलटली, त्याचं डोकं फरशीवर आपटलं. डॉक्टरने फॉर्म काढला. 'सरळ रेषेत चालतो का?' यापुढे लिहिलं, 'लागू नाही'. 'एका पायावर उभा राहतो का?' 'लागू नाही'. खाली सही ठोकली: 'खेळण्यास योग्य'.

"डोक्याची तपासणी पायांवरून करतात, दादा," तो हसला, "आणि पाय तर मी सीमेवर ठेवून आलोय." पुन्हा मैदानात गेला.

सामन्यानंतर मी टायर त्याच्या मांडीवर ठेवला. क्षणभराने त्याने विचारलं, "दादा, टायर आणलात का?" मी मुद्दाम दुप्पट भाव सांगितला. त्याने नुसती मान डोलावली. मी हबकलो.

मला एका भावात कळलं, ते डॉक्टरला का कळलं नाही? सही करणाऱ्याने समोर येऊन सांगावं.