विहिरीकडचे वीस गुंठे

"मुलगी सज्ञान झाली का?" शनिवार पेठेतल्या वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं. मी त्यांच्या समोरच बसले होते, पण प्रश्न माझ्या वडिलांना, आप्पांना होता.

"एप्रिलात अठरा पुरी झाली," आप्पा म्हणाले.

"मग हिचीही सही लागेल. वडिलोपार्जित जमीन आहे. खरेदीखतात 'संमती देणार' म्हणून हिचं नाव घालतो. उद्या लग्न होऊन गेली आणि जावईबापू हिस्सा मागायला आले, तर आपण पुन्हा माझाच जिना चढणार. आपल्याला आताच धाप लागलीय."

आप्पा कसनुसं हसले. मला मात्र हसू आलं नाही. तोवर घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. चहा ठेव, जुड्या बांध, पाहुण्यांसमोर बस, एवढंच. आता अचानक माझ्या सहीवाचून जमीन घेणाऱ्या बिल्डरचं घोडं अडलं होतं. मी दोन-तीन महिने उशिरा जन्मले असते, तर तेही अडलं नसतं. खरेदीखत येत्या गुरुवारी होणार होतं आणि ही गोष्ट शनिवारची.

आमचं गाव विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याच्या आत. ते महापालिकेत गेलं त्याला तीन-चार वर्षं झाली होती. महापालिकेकडून पाणी आलं नाही, ड्रेनेज आलं नाही, घरपट्टीचं बिल मात्र पहिल्याच वर्षी वेळेवर आलं. मग कंपन्या आल्या. चुलत्यांच्या रानात काचेची सहा मजली इमारत उभी राहिली. आप्पांनीही तुकड्यातुकड्यानं विकलं होतं. राहिले होते ते विहिरीकडचे वीस गुंठे, आणि त्या वीस गुंठ्यांवर माझं कॉलेज अडकलं होतं.

मला कृषी महाविद्यालयात जायचं होतं. हे वेड एका टोमॅटोच्या वाफ्यानं लावलं. मी आठवीत असताना आमची टोमॅटोची रोपं उभ्या उभ्या सुकायला लागली. आप्पांनी दुकानदार सांगेल ती औषधं मारली, आईनं लिंबू-मिरची बांधली, उपयोग शून्य. शेवटी कृषी महाविद्यालयातले एक सर आले. त्यांनी औषधाची बाटली बघितलीही नाही. एक रोप मुळासकट उपटलं, विहिरीच्या पाण्यात धुतलं आणि माझ्या हातात दिलं. मुळांवर बारीक गाठीच गाठी होत्या. "सूत्रकृमी," सर म्हणाले. "डोळ्यांना दिसत नाहीत. इथे एक हंगाम दाट झेंडू लावा." आप्पांना ते पटलं नाही, पण त्यांनी लावला. बुधवार पेठेजवळच्या फूलबाजारात दसऱ्याला झेंडूही चांगला गेला, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी टोमॅटो कमरेएवढा झाला. वर सगळं सुकत होतं आणि कारण खाली मातीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मला तेच शिकायचं होतं.

बारावीला मार्क बरे पडले, पण पुण्याच्या कृषी महाविद्यालयात नंबर लागण्याइतके नव्हते. एक वाट होती. आईवडिलांच्या नावावर सातबारा असेल, तर शेतकऱ्याचं मूल म्हणून थोडे जादा गुण मिळायचे. ते धरले तर मी बसत होते, नाही धरले तर नाही. अर्जाची शेवटची तारीख बुधवार होती. अर्जाला सातबाराचा ताजा उतारा हवा होता. आणि गुरुवारी आप्पा तो सातबाराच विकणार होते.

आप्पांचं माझ्यासाठी दुसरंच ठरलं होतं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. मार्कांवर मिळालं नाही तर पेमेंट सीट. तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. जिथे खताचं दुकान होतं, तिथे संगणकाच्या क्लासची पाटी लागली होती. कुणाचा मुलगा अमेरिकेला निघाला की पेढे यायचे, आणि पेढ्यांबरोबर 'तुमच्या मुलीचं काय ठरलं?' हेही यायचं. पण आप्पा लोकांचं बघून हट्ट करत नव्हते. त्यामागे एक गोष्ट होती. चुलत्यांच्या रानातली ती काचेची इमारत झाल्यावर आप्पा एकदा आत निघाले होते, कारण त्या कुंपणात आमची जुनी चिंच राहिली होती. फाटकावरच्या रखवालदारानं त्यांना हिंदीत विचारलं, "किधर? कार्ड दिखाओ." ज्या बांधावर आप्पा लहानपणी गुरं राखत होते, त्या बांधावर उभं राहून त्यांनी आपण कोण हे सांगायचा प्रयत्न केला. त्याला काही कळलं नाही. आप्पा तसेच परत आले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू त्या बिल्डिंगीत जायाचं. गळ्यात कार्ड घालून. बघू कोण आडवतंय."

यावर मी काय बोलणार? मी उत्तर दिलं नाही. त्यांनी तो होकार धरला. चूक माझीच होती.

सोमवारी सकाळी मी एकटीच तलाठी कार्यालयात गेले. तलाठीभाऊसाहेब मला ओळखत होते. "उतारा? देतो की," ते म्हणाले, आणि मग रजिस्टर बंद केलं. "पण आप्पांनी सांगून ठेवलंय, व्यवहार होईस्तोवर कुणाच्या हातात उतारा द्यायचा नाही. भाऊबंदकी असते बाई. आप्पांना पाठव."

"मी त्यांची मुलगीच आहे."

"म्हणूनच म्हणतो, आप्पांना पाठव."

दुपारी मी रानात गेले. आप्पा झेंडूच्या रोपांना पाणी देत होते. पावसानं ओढ दिली होती. खोऱ्यानं एक वाफा मोडायचा, दुसऱ्याचं तोंड उघडायचं, असं ते अगदी मन लावून चाललं होतं. गुरुवारी जे रान दुसऱ्याचं होणार, त्याला सोमवारी पाणी. माझं डोकं फिरलं.

"आप्पा, इकायचंच हाय तर पाणी कशाला देताय?"

"रोपास्नी काय म्हाईत?" ते म्हणाले.

मी तिथेच बांधावर उभी राहून सगळं सांगून टाकलं. मला कॉम्प्युटर नको. मला कृषीला जायचंय. उतारा पाहिजे, बुधवारच्या आत. आप्पांनी खोरं खाली ठेवलं नाही.

"शेती शिकून करशील कुठं? डोक्यावर?"

"शिकल्यावर बघीन."

"आगं, ज्यांच्याकडं धा एकर हाय त्यांची पोरं कंपनीत चिकटायला बघत्यात. शेतकऱ्याला पोरगी कुणी देत न्हाई आता. आन् तू पोरगी असून शेतकरी व्हायला निघालीस?"

"मला उतारा द्या."

"न्हाई द्यायचा."

मग मी जे बोलले, ते आधी ठरवलं नव्हतं. निदान मी इतकी वर्षं असंच समजते. मी म्हणाले, "मग गुरुवारी माझी सही मिळायची नाही."

पाणी वाफ्याबाहेर वाहायला लागलं होतं. आप्पांचं त्याकडे लक्ष नव्हतं. असं पाणी वाया जाताना ते कधी नुसते बघत उभे राहिले नव्हते.

"बापासंगं सौदा करतीस?"

"तुमच्याकडूनच शिकले," मी म्हणाले.

हे वाक्य परत घेता आलं तर मी आज घेईन. आप्पांनी खोरं माझ्या पायाशी टाकलं आणि निघून गेले. मोडलेला वाफा मी बांधला. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "सही न्हाई म्हणलीस व्हय? त्याच पैशात तुझं लगीन हाय, बाई." आणि पोळ्या लाटत राहिली.

मंगळवार गेला. आप्पा सकाळी बाहेर पडले ते संध्याकाळी आले. मी दिवसभर अर्ज पुढ्यात घेऊन बसले होते. सगळे रकाने भरले होते, जोडपत्रांची यादी लिहिली होती, उताऱ्यापुढची जागा तेवढी मोकळी होती. आप्पांनी टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायले आणि सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या अर्जावर ठेवला. सातबारा. तलाठ्याचा शिक्का अजून ओला होता, तो माझ्या बोटाला लागला.

"आधी सही माग म्हणत हुते समदे," आप्पा म्हणाले. "मी म्हणलं, न्हाई. पोरगी हाय माझी."

त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि तो मला शिवीसारखा लागला. कॉम्प्युटरचं नाव त्यांनी त्यानंतर कधीच काढलं नाही. त्या फाटकाचंही नाही. सौद्यात त्यांनी काय दिलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी नुसती शिक्का पुसट तर नाही ना, ते बघत होते.

बुधवारी अर्ज दिला आणि पोच घेतली. परतताना बसमध्ये मला पहिल्यांदा सुचलं, की आता माझ्याकडे दोन्ही आहेत. अर्ज गेलेला आहे आणि सही अजून झालेली नाही. उद्या मी नाही म्हटलं तर प्रवेशही राहील आणि रानही राहील. वकील म्हणाले होतेच, माझ्या सहीशिवाय पुढे जात नाही. जेवताना मी आप्पांकडे बघितलं नाही. त्यांनाही हे सुचलं असणार. चाळीस वर्षं व्यवहार बघितलेला माणूस तो. पण ते भाकरी कुस्करून आमटीत कालवत राहिले.

गुरुवारी रजिस्ट्रारच्या कार्यालयात ही गर्दी. आप्पांनी लग्नात घालायचा सदरा घातला होता. बिल्डरचा माणूस येरझाऱ्या घालत होता. वकिलांनी कागदांची चळत माझ्यापुढे ठेवली. "हवं तर वाचून घे. नाही वाचलंस तरी हरकत नाही, मी लिहिलंय."

मी वाचलं. चतुःसीमा वाचली. पूर्वेस ओढा, पश्चिमेस आमच्या चुलत्यांची जमीन, म्हणजे ती काचेची इमारत. विहिरीतल्या हिश्शासह, झाडाझुडपांसह. खाली आप्पांचं नाव, 'लिहून देणार'. त्याखाली माझं, 'संमती देणार'. मी पेन हातात धरलं आणि थांबले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. बिल्डरच्या माणसाच्या येरझाऱ्या थांबल्या. वकिलांनी घसा खाकरला.

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते भिंतीवरच्या नोटिसा वाचत होते. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा खिशात होता.

मी सही केली. का केली, याची मी पुढे लोकांना बरीच कारणं सांगितली. शब्द दिला होता. बापाला चारचौघांत खाली बघायला लावणं जमलं नाही. ती कारणं खोटी नाहीत. पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते मी इथे पहिल्यांदा सांगतेय. मला ते रान नको होतं. मला फक्त त्याचा उतारा हवा होता. तो मिळाल्यावर रानाशी माझं काम संपलं होतं. आप्पा जमिनी विकतात म्हणून मी वर्षभर त्यांच्याशी फटकून वागले, आणि माझी वेळ आली तेव्हा तीन दिवसांत मीही विकून मोकळी झाले. सही झाल्यावर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. शाई पुसायला दिलेलं फडकं इतकं काळं झालं होतं, की त्यानं पुसण्यात अर्थच नव्हता.

यादीत माझं नाव लागलं. जुलैत मूळ कागद तपासायला आप्पांना घेऊन कॉलेजात गेले. तोवर विहिरीकडे पत्र्याचं कुंपण पडलं होतं आणि झेंडूवरून यंत्र फिरलं होतं. फेरफार मात्र अजून झाला नव्हता, त्यामुळे कागदावर रान आमचंच होतं. टेबलामागच्या क्लार्कनं उतारा उलटसुलट करून बघितला.

"वडिलांचा व्यवसाय?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "शेती."

"या गावात?" क्लार्कनं मान वर केली. "तिथे नुसत्या कंपन्या आहेत हो. शेती कुठे करता, गच्चीवर?"

"इहिरीकडं. ईस गुंठं."

"सध्या काय आहे?"

"झेंडू," आप्पा म्हणाले. "त्याच्या आधी टमाटी हुती. मुळाला गाठी व्हत्यात, म्हणून एक टाइम झेंडू घ्यायचा. हिला इचारा, हिला समदं म्हाईत हाय."

क्लार्कनं माझ्याकडे बघितलं, उताऱ्यावर शिक्का मारला आणि आवाज जरा खाली आणून आप्पांना म्हणाला, "मुलीला या शिक्षणाला पाठवताय, छान करताय. आता तेवढी जमीन विकू नका म्हणजे झालं. हल्ली सगळे विकून मोकळे होतात."

"न्हाई," आप्पा म्हणाले. "न्हाई इकायची."

क्लार्कनं अर्ज फिरवून माझ्यासमोर सरकवला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. 'वर दिलेली सर्व माहिती खरी आहे.'

"इथे सही कर," तो म्हणाला. मी केली.