न बसणाऱ्या सासूबाई

आदबीनं माणसाला बसवण्यात लखनौचा हात कुणी धरणार नाही, आणि त्या अख्ख्या लखनौला हरवलेली एकच व्यक्ती मला ठाऊक आहे, ती म्हणजे माझ्या सासूबाई. इथे कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की 'आइए, तशरीफ़ रखिए' सुरू होतं. सासूबाई हात जोडतात आणि उभ्याच राहतात. चहा उभ्यानं, गप्पा उभ्यानं, आणि घरची बाई फारच मागे लागली तर म्हणतात, "बैठेगी तो फिर उठना पडेगा ना बहेनजी, उससे खडीच अच्छी." जानकीपुरममधल्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या सोफ्यांना त्यांचा स्पर्शही झालेला नव्हता.

कराडहून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. सासरे नुकतेच गेले होते. शेवटची दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते; त्यांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं हे सगळं सासूबाईंनी एकटीनं केलं. आता आईनं जरा विसावावं म्हणून बायकोनं बाल्कनीत वेताची खुर्ची ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीवर पापड वाळू लागले. आमचं घर चौथ्या मजल्यावर. "लिफ्ट सामानासाठी असते, आणि मी अजून सामान झालेले नाही," असं जाहीर करून त्या दिवसातून तीनदा जिने चढू-उतरू लागल्या. दारावरच्या सब्जीवाल्या भैयाकडे भाव विचारायचा आणि भाजी मात्र लांबच्या बाजारातून चालत जाऊन आणायची, हा त्यांचा नेम. तो बिचारा एकदा कळवळून म्हणाला, "अम्मा, वही लौकी है, एक ही मंडी की!" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "हां भैया, पन उसमें मेरा चलना नहीं है ना!" माझी मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच सुचतं, तिनं विचारलं, "आजी, यार, आप थकती नहीं हो क्या?" "थकते की. पण थकायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं, बाळा."

मी बँकेतला माणूस. वीस वर्षं खुर्चीत काढल्यामुळे मी टेबलाशी पोहोचायच्या आधी माझं पोट पोहोचायचं. एका संध्याकाळी वीज गेली, लिफ्ट बंद पडली आणि दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून धापा टाकत उभा राहिलो. मागून सासूबाई दोन पिशव्या घेऊन आल्या, मला ओलांडून वर गेल्या, पिशव्या ठेवून परत खाली आल्या आणि माझी बॅग घेऊन पुन्हा वर गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर टकटक झाली. "जावईबापू, झोपमोड करत नाही हं. साडेपाच वाजलेत, एवढंच सांगते." जावयाचा मान त्यांनी कधी मोडला नाही, फक्त त्या मानासकट जावयाला रोज उठवलं. आधी कॉलनीच्या पार्कात दोन फेऱ्या, मग भिंतीला पाठ टेकून उठाबशा. सुरुवातीला माझे गुडघे इतके वाजायचे की झाडावरचे पोपट उडायचे. हळूहळू साडीखाली बूट घातलेल्या कॉलनीतल्या बायकाही येऊ लागल्या. खालच्या मजल्यावरच्या शुक्लाइनला, म्हणजे शुक्लांच्या बायकोला, मराठीतलं दुसरं काही येत नाही, पण एक ते तीस ती आजही घडाघडा म्हणते. वर्षभरात डॉक्टरांनी माझी साखरेची एक गोळी कमी केली. सासूबाई म्हणाल्या, "एकच?"

आणि मग जानेवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी दुधाच्या दुकानासमोर त्यांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, आणि पहिल्याच सकाळी त्यांना पलंगावरून उचलायची वेळ आली. बायकोला एकटीला ते जमेना. मी पुढे झालो तशी त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

"ह्यांना उचलत होते ना, तेव्हाच ठरवलं होतं. आपलं ओझं कुणावर टाकायचं नाही. आणि आता जावयानं उचलायचं?"

मी म्हणालो, "आई, दोन वर्षांपूर्वी मला माझंच अंग उचलवत नव्हतं. आज तुम्हाला उचलतोय ते कुणामुळे?"

भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या, "पाठ वाकवू नका. आधी गुडघ्यात बसा, मग उचला."

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, "अम्मा, आज बस दस क़दम." त्या बारा टाकायच्या आणि बाराव्याला तिच्याकडे असं बघायच्या, जणू तीच दमलीय. मार्चमध्ये त्या दारापर्यंत गेल्या. एप्रिलमध्ये लिफ्टनं खाली उतरल्या. लिफ्टबद्दल मी काही बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत. त्या दिवशी काठी टेकत त्या पार्कात शिरल्या तेव्हा बायकांनी उठाबशा थांबवून टाळ्या वाजवल्या. मला मात्र डोळ्यांत गेलेला कचरा काढायला झाडामागे जावं लागलं.

आता त्यांची चाल पहिल्यासारखी नाही, होणारही नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलंय. पार्काच्या फाटकाशीच त्या मला सांगतात, "तुम्ही व्हा पुढे, जावईबापू. माझ्या पायानं चालाल तर तुमचा घाम निघायचा नाही." मी पुढे जातो. माझी एक फेरी होते तोवर त्या अर्ध्यावर असतात, आणि वळणावरून मला पाठमोऱ्या दिसतात: लोकरीची टोपी, किंचित तिरका खांदा, काठी, पाऊल, काठी, पाऊल. दोन ढांगा टाकल्या तर मी सहज पुढे निघून जाईन. पण जवळ आलो की माझे पाय आपोआप मंद होतात. त्यांना ओलांडून जायला मन धजत नाही.

त्यांना ते मागे न बघताच कळतं.

"थांबू नका," त्या म्हणतात.

"नाही थांबत," मी म्हणतो, आणि त्यांच्या मागून सावकाश चालत राहतो.