समोरच्याच्या चालीही मीच लिहिल्या

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या आमच्या बुद्धिबळ क्लबच्या स्पर्धेत मी ओळीने चार डाव हरले होते. उरला होता शेवटचा. घरी मी जाहीर करून बसले होते की एकही डाव जिंकला नाही, तर शनिवारचा क्लब बंद. नवऱ्याने ते लगेच मान्य केलं. जरा जास्तच लगेच.

म्हणून तयारी चोख केली. किंग्ज गॅम्बिट खेळायचा, म्हणजे दुसऱ्याच चालीला एक प्यादं फुकट देऊन हल्ला चढवायचा. ऐन वेळी गडबड नको म्हणून चाली टिपायच्या कागदावर पहिल्या आठ चाली आधीच सुवाच्य अक्षरात लिहून टाकल्या. पांढऱ्याच्या रकान्यात माझ्या, काळ्याच्या रकान्यात समोरच्या बाईंच्या.

त्या बाई निवृत्त शिक्षिका. मी प्यादं पुढे केलं. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि प्यादं न मारता उंट बाहेर काढला.

हे माझ्या कागदावर नव्हतं.

तेवढ्यात पंच आले. "मॅडम, आधी पटावर खेळायचं, मग लिहायचं. हे सगळं खोडा."

मी पर्समधून पट्टी काढून एकेक ओळ खोडली. घड्याळ चालूच होतं. घाईघाईत त्यांचं एक मोकळं प्यादं दिसलं, ते मारलं. त्यांचा वजीर तिरका सुटला तो थेट पटाच्या कडेला. शह! मी राजा एक घर पुढे सरकवला. वजिराने माझं मधलं प्यादं खाल्लं आणि मात झाली. चौथ्या चालीला.

"प्यादं का नाही घेतलंत?" मी जवळजवळ तक्रारच केली.

"घेणारच होते. पण माझी उत्तरं तू लिहून आणलेली! जन्मभर मुलांना कॉपी करू दिली नाही, मी स्वतः कशी करू? पुढच्या शनिवारी ये. खाते तुझं प्यादं, लाह," त्या म्हणाल्या, इथल्या बोलण्याचं ते 'लाह'चं शेपूट जोडून.

घरी मुलगी दारातच उभी. "आई, विन ऑर नॉट?"

मी सगळं सांगितलं. "संडेला मी काय करायचं, ती लिस्टपण तूच करतेस," ती म्हणाली. "सेम सेम, लाह."

"म्हणजे आता शनिवारी मोकळी?" नवऱ्याने आतून विचारलं.

"नाही. बोलावणं आलंय."

मी नवा कागद घेतला. पांढऱ्याच्या रकान्यात आठ चाली लिहिल्या. काळ्याचा रकाना कोरा ठेवला. फक्त दुसऱ्या ओळीत, पेन्सिलीने, अगदी फिकट, त्यांनी प्यादं मारल्याचं लिहिलं. तेवढं तर त्यांनी कबूलच केलंय.