काळं नेसलेलं पाखरू

आमची थोरली जाऊ जयाबाई जांबोटीची. तिकडं दिवेलागण झाली की कंदिलाभोवती रानातली पतंग-पाखरं गोळा व्हायची, आणि ही पोर चुलीवरची भाकरी करपवून त्यांच्या पंखांवरची नक्षी बघत बसायची. लग्न होऊन बेळगावात आली तरी खोड गेली न्हाय. काजळी, गेरू, हळद कालवून जाड कागदावर पाखरू काढायची, खाली ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ लिहायची. फुंकर मारली तर उडंल, असं वाटायचं बघा.

सासूबाईंना मात्र सणाला किडेमकोडे चालायचे न्हाईत. अडतीस सालच्या संक्रांतीला त्यांनी ठणकावलंच. महिला मंडळाच्या हळदीकुंकवात मांड म्हणाल्या तुझी कार्डं. एक जरी कुणी उचललं तर खुशाल काढत बस, न्हाईतर रंग आणि कुंचले चुलीत. जयाबाई मुकाट्यानं व्हय म्हणाली. राग आला तो मलाच.

मंडळात बायका आल्या, शेजारच्या टेबलावरची गुलाबाच्या फुलांची छापील कार्डं घेऊन गेल्या. जयाबाईच्या कार्डाला कुणी हात लावंना. अध्यक्ष विद्युल्लताबाई बऱ्या मनाच्या, पण त्याही म्हणाल्या की सणाला एवढं काळं पाखरू कोण कुणाला धाडणार? सासूबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. माझा जीव नुसता जळत होता.

जयाबाई कार्डं गोळा करायला लागली, आणि मध्येच थांबली. समोर विद्युल्लताबाईंची नवी सून उभी होती. लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणून अंगावर काळी चंद्रकळा आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने.

“बाई,” जयाबाई म्हणाली, “सुनेला तुम्हीच काळं नेसवून हलव्यानं सजवलंय. माझं पाखरूही तसंच सजलंय.”

सगळ्यांनी वाकून बघितलं. काळे पंख, त्यावर पांढरे ठिपके. ती नवी सून हसली आणि माहेरी धाडायला तिनंच पहिलं कार्ड उचललं. मग काय विचारता! सगळ्याच काळ्या साड्यांतल्या बायका टेबलावर जयाबाईच्या कार्डांवर तुटून पडल्या. विद्युल्लताबाईंनीही दोन घेतली. अस्सा आनंद झाला मला, की मी सासूबाईंच्या देखत टाळ्या पिटल्या.

घरी आल्यावर सासूबाई चुलीपुढं बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “निपाणीच्या सुनंदेला धाडायला एक तरी ठेवायचं व्हतंस.”

सुनंदा म्हणजे त्यांची लेक. जयाबाईनं लगेच कागद घेतला, पण काजळी संपली होती. तेव्हा सासूबाईंनीच तवा पालथा घातला आणि त्याच्या बुडाची काजळी खरवडून तिच्या वाटीत घातली.