सूचना क्रमांक चौदा

चारुदत्त काकांना मी काका म्हणते, कारण शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमध्ये साठीच्या पुढच्या कुठल्याही मराठी पुरुषाला काका म्हणावंच लागतं. मनात मी त्यांना काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

तसा माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. हा माणूस मदत करतो. न विचारता करतो आणि तुमचं वाक्य अर्धं असतानाच करतो. एकोणऐंशी साली ते इथे आले. काउंटीच्या पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं इंजिनियर होते. आपल्या सहीशिवाय तिथे एक व्हॉल्व उघडत नसे, असं ते स्वतःच सांगतात. रिटायर झाल्यावर व्हॉल्व गेले आणि सहीची खाज तेवढी राहिली. मग कोणीतरी त्यांना अलास्काच्या क्रूझवर नेलं, आणि झालं. कोविडचं साल सोडलं तर त्यांचा एक उन्हाळा चुकला नाही. इथल्या मराठी मंडळात अलास्का म्हटलं की चारुदत्त काका. त्यांना न विचारता कोणी गेलं, तर वर्षभर त्याच्याशी ते तुटक बोलतात.

त्यांनी एक डॉक्युमेंट केलंय, 'अलास्का: अनुभवाच्या सूचना'. त्रेसष्ट सूचना. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून मॅग्नेटवाले हुक न्या. बोट लागत असेल तर मधल्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन घ्या, आणि आलेपाक जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला गाठा, किचनमध्ये कोणी ना कोणी गोव्याचा असतोच, तो वरण-भात करून देतो. बोटीच्या सहली बोटीवर बुक करू नका, धक्क्यावर उतरून घासाघीस करा. बोर्डिंगच्या दिवशी अकराला पोचा, कारण बफे तेव्हाच उघडतो. सूचना क्रमांक चौदा अशी: 'ग्लेशियरच्या दिवशी सगळं पब्लिक डेकवर असतं. बफे रिकामा. खिडकीजवळचं टेबल, गरम सूप. हा दिवस सोडू नये.' मला तेव्हा हसू आलं होतं. प्रत्येक ट्रिपनंतर ते सगळ्यांना फॉर्म पाठवतात, जेवण किती पैकी किती, केबिन किती पैकी किती, आणि कोणी कमी मार्क दिले की फोन करून का ते विचारतात.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मंडळात असे दहा आहेत. प्रश्न आईचा होता.

माझी आई वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवायची. दरवर्षी ती फळ्यावर हिमनदी काढायची, निळ्या खडूने बर्फ, तपकिरीने डोंगर, आणि समुद्राला टेकलेल्या टोकाशी तुटून पडणारे तुकडे. एका वर्षी एका मुलीने विचारलं, बाई, तुकडा पडला की आवाज येतो का, आणि पडताना दिसल्यावर किती वेळाने येतो? आईने प्रकाश आणि ध्वनीचा वेग सांगितला, गणित मांडून दाखवलं. ती मुलगी म्हणाली, म्हणजे तुम्ही ऐकला नाही. आई हे मला निदान पन्नास वेळा सांगून चुकली आहे. मला वाटायचं ती त्या मुलीचं कौतुक करते. नंतर कळलं की ते तिला लागलंय.

या वेळी आई आली तेव्हा एकाहत्तर पूर्ण झाली होती. दोन्ही गुडघे गेलेले. शिकागोच्या विमानतळावर व्हीलचेअरमधून बाहेर आली आणि पहिल्यांदा म्हणाली काय, तर मृणाल, ही माझी शेवटची खेप, आता एवढा प्रवास झेपत नाही. मी लगेच ठरवलं, हिला हिमनदी दाखवायची. माझ्या नवऱ्याला, राजीवला, ऑफिसच्या कामातून सुट्टी मिळत नव्हती, म्हणून मी आणि आई दोघीच. सिअ‍ॅटलहून सुटणारी सात दिवसांची बोट. मंडळाचा बावीस जणांचा ग्रुप त्याच बोटीवर चालला होता, आणि ग्रुप म्हणजे अर्थातच चारुदत्त काका.

मी त्यांच्या घरी गेले. उत्तरा काकूंनी चहा केला. उत्तरा काकू म्हणजे काकांच्या बायको, कमी बोलणाऱ्या. त्या घरात बोलायला जागाही फारशी नाही. मी काकांना सरळ विचारलं की आई व्हिजिटर व्हिसावर आलीय, तिला कागदपत्रं काय काय लागतील? काकांनी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

"पासपोर्ट पुरतो. अकरा वेळा गेलोय, मी सांगतो ना."

त्यांच्या पासपोर्टला पुरतो. त्यांचा पासपोर्ट निळा आहे, अमेरिकेचा, चाळीस वर्षांपासून. त्या माणसाला व्हिसा हा शब्द कानावर पडल्याला जमाना झालाय. आणि मला? मला बारा वर्षं थांबून गेल्याच वर्षी ग्रीन कार्ड मिळालं. त्याआधी इथून तिथे हलायचं म्हटलं तरी मी आधी तीन वेबसाइट उघडायचे, वकिलाला ईमेल करायचे, फाइल घेऊन झोपायचे. वर्षभरात विसरले. बारा वर्षांची सवय बारा महिन्यांत गेली. काका म्हणाले पुरतो, आणि मी चहा पिऊन घरी आले. यासाठी मला काकांपेक्षा स्वतःचा राग जास्त येतो, पण स्वतःवर किती दिवस रागावणार, म्हणून काकांवर रागावते.

आईने तयारी केली ती बघण्यासारखी होती. बोटीचा मार्ग तिने एका ड्रॉइंग पेपरवर काढला. दशम्या केल्या, मेतकुटाची बरणी घेतली, वही घेतली, आणि हातावरच्या घड्याळात सेकंदकाटा आहे ना ते बघून घेतलं. रोज संध्याकाळी बेसमेंटच्या जिन्यावर चढ-उतार करायची, डेकवर उभं राहता यावं म्हणून. एक-एक पायरीला तोंडाने आवाज निघायचा, पण थांबली नाही.

सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर आम्ही अकराला पोचलो, सूचनेप्रमाणे. काउंटरवरच्या बाईने आईचा पासपोर्ट उलटसुलट केला आणि फार सभ्यपणे कॅनडाचा व्हिसा मागितला. बोट शेवटच्या संध्याकाळी काही तास व्हिक्टोरियाला थांबते, आणि व्हिक्टोरिया कॅनडात आहे. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, मला व्हिसा लागत नव्हता. आईला लागत होता. मी म्हटलं, ती तिथे उतरणार नाही, केबिनमध्येच बसेल. बाई म्हणाली, त्याने फरक पडत नाही. सुपरवायझर आला, त्यानेही तेच सांगितलं. मी आवाज चढवला. मग रडले. आई शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसली होती.

काका शेजारच्या रांगेतून निघून आमच्याकडे आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. ते म्हणाले, "तू मला नीट सांगायला हवं होतंस, की आईंचा पासपोर्ट इंडियन आहे."

वर्ध्याहून आलेल्या बाईचा पासपोर्ट आणखी कुठला असणार होता? स्वित्झर्लंडचा? मी काहीतरी बोलणार होते, ते फार वाईट होतं, पण आईने माझं मनगट धरलं. काकांनी घड्याळ पाहिलं, ग्रुपच्या बॅगा बघायच्या आहेत म्हणाले, आणि गेले. उत्तरा काकू मात्र थांबल्या. त्यांनी आईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, तुम्हाला तिथे काय बघायचं होतं हो? आईने त्या मुलीची गोष्ट सांगितली, सगळी, फळ्यापासून. लांबून काकांनी दोनदा हाक मारली. काकू गोष्ट संपल्यावर गेल्या.

संध्याकाळी हॉटेलच्या खिडकीतून बोट सुटताना दिसली. आईने दशमी खाल्ली. मग पिशवीतून तो नकाशा काढून पलंगावर पसरला आणि मला दाखवला. व्हिक्टोरियावर तिने टिंब दिलं होतं, आणि कॅनडा सगळा पिवळा रंगवला होता. तिला माहीत होतं. एकतीस वर्षं शिकवलंय तिने, कुठलं शहर कुठल्या देशात हे तिला माहीत नसेल? पण कागदपत्रांचं मुलांनी बघितलं असेल, असं तिने धरलं होतं. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मला झोप लागली असती.

व्हिसासाठी अर्ज करायचा म्हटलं तर त्याला कित्येक आठवडे, आणि आईचं परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर. पुढे ढकलू म्हटलं तर आई नाही म्हणाली. आम्ही शॉमबर्गला परत आलो. आठवडाभर ग्रुपवर फोटो येत राहिले, बोटीवरच्या लोकांचे, बर्फासमोर, टोप्या घालून. मी ग्रुप म्यूट केला. आई माझा फोन मागून घेऊन एक-एक फोटो मोठा करून बघायची आणि म्हणायची, ही बघ, ही मधली माती, ही हिमनदी घेऊन येते वरून.

ते परत आल्यावर दुसऱ्या रविवारी लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये काकांचा कार्यक्रम ठरला, 'अलास्का: सूचना आणि प्रवाशांची मतं'. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, मला न्यायचं. मी म्हटलं, त्या माणसाचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. ती म्हणाली, मला फोटो मोठ्या पडद्यावर बघायचेत, तू गाडीत बस. मग मी आत गेले.

चाळीसेक माणसं होती. मागे टेबलावर बटाटेवडे आणि चहा. काकांनी क्लिकर हातात घेऊन सुरुवात केली. आता सूचना चौसष्ट झाल्या होत्या. शेवटी नवी भर होती ती अशी: 'इंडियन पासपोर्टवाल्यांनी आपापली चौकशी स्वतः करावी. ग्रुप जबाबदार नाही.' ती वाचताना काकांनी आमच्याकडे बघितलं नाही. दोन-चार लोकांनी मात्र बघितलं. आई पडद्याकडे बघत होती.

मग ग्लेशियरचा फोटो आला, भिंतभर. निळा बर्फ, खाली फुटलेलं पाणी, तुकडा पडतानाच कोणीतरी टिपलेला. लोकांनी वा वा केलं. काकांनी ग्लेशियरची उंची सांगितली, बोट किती वेळ थांबते ते सांगितलं, बारा वेळा बघितला तरी समाधान होत नाही असंही सांगितलं. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, म्हणाले.

आई उठून उभी राहिली. गुडघ्यांमुळे वेळ लागला, खुर्चीची पाठ धरून उठली. वर्गात असायचा त्या आवाजात तिने विचारलं, "तुकडा पडताना दिसला, की किती सेकंदांनी आवाज येतो?"

काका म्हणाले, येतो ना, आवाज जोरदार येतो. आई म्हणाली, हो, पण किती वेळाने? काका हसले. म्हणाले, असं काही मोजलेलं नाही बुवा, लगेचच येतो. आई म्हणाली, लगेच कसा येईल, एवढ्या लांबून? आणि कसा असतो तो आवाज? काकांनी क्लिकर या हातातून त्या हातात घेतला. मला बरं वाटायला हवं होतं. सिअ‍ॅटलच्या धक्क्यापासून मी याचीच वाट बघत होते.

"पाच," उत्तरा काकू पहिल्या रांगेतून म्हणाल्या. त्या आमच्याकडे वळल्या. तुम्ही धक्क्यावर सांगितलंत ना, म्हणून मी घड्याळ लावून उभी राहिले, म्हणाल्या. चार तुकडे पडले. चारही वेळा मोजलं, पाच. आधी नुसता बर्फ घसरतो, काही ऐकू येत नाही, वाटतं आपले कान गेले. मग वरच्या मजल्यावर कोणी गव्हाचं पोतं टाकावं तसा आवाज येतो, आणि तो छातीत येतो हो, कानात नाही.

आईने वही उघडली आणि उभ्यानेच लिहिलं. तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. "म्हणजे बोट पावणेदोन किलोमीटरवर होती," ती म्हणाली आणि खाली बसली. तिला हिमनदी दिसली नाही ती नाहीच, आणि आता दिसणारही नाही.

काका त्यांच्या बायकोकडे बघत होते. हे तू मला कधी बोलली नाहीस, ते म्हणाले. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

काकू पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. त्यांनी वर न बघताच उत्तर दिलं. "तुम्ही आत सूप पीत होता. बाराही वेळा."

काकांनी घाईने क्लिकर दाबला. पुढची स्लाइड बफेची होती.