ठाण्याहून पळसपाड्याला, पाचशेची दुनळी घेऊन

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. अंगावर झुरळ आलं तरी माझा आवाज चढतो. अशा माणसाच्या गळ्यात वाघाची बंदूक निवडायचं काम पडलं, आणि ती घेऊन ठाण्याहून कल्याण, तिथून मोहने आणि पुढे पार बारवीच्या रानापर्यंत जावं लागलं, त्याची ही हकीकत.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, पळसपाड्याच्या पाटलांकडे दिलेली आहे. पाटील म्हणजे माझे भावोजी. मोठा उमदा माणूस. आक्काला वाचता येत नाही, म्हणून मी ठाण्याहून पाठवलेली मासिकं ते दुपारी ओसरीवर बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवतात. भीतीचं काही आलं की गुपचूप पान उलटतात. आक्काला ते कळतं, पण ती तसं दाखवत नाही.

माघात त्यांचं पत्र आलं. वाघानं चार गुरं मारली होती आणि मोळी आणायला गेलेल्या एका बाईला पंजा मारला होता. सरकारनं पाटलांना एका बंदुकीचा परवाना दिला होता, एकाच. पत्रात लिहिलं होतं, 'डुक्कर, सांबर, वाघ, सगळ्याला चालेल अशी एकच पाहा. तुम्हाला इंग्रजी येतं, तेव्हा निवड तुमचीच.' इंग्रजी येतं म्हणून बंदूक कळते, असा आपल्याकडे समज आहे. कचेरीत मी जावक बारनिशी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या टपालाची वही, लिहितो हो!

मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टमध्ये, बंदुकांच्या एका दुकानात गेलो. म्हातारे पारशी शेठ मोठे बोलके. त्यांनी समोर चार बंदुका मांडल्या आणि माझं डोकं फिरलं. एका जातीत 'बाराची' म्हणजे एक रत्तल शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक बसेल एवढी नळी, म्हणून तिथे आकडा लहान तितकं तोंड मोठं. दुसऱ्या जातीत इंचाचे हजार भाग करायचे, म्हणून साडेचारशेच्या नळीपेक्षा पाचशेची मोठी आणि पाचशे सत्याहत्तरची त्याहून मोठी.

"बाराची जवळून तोफ, पन लांब नाय जाय," शेठ म्हणाले. "साडेचारशे हरणाला चांगली. सत्याहत्तरवाली वाघाला चांगली, पन तुमी उचलून बघा."

उचलली. खाली ठेवली.

कारकुनाची जात, नेहमी मधलं धरायची! मी पाचशेची दुनळी एक्स्प्रेस घेतली. गोळी हलकी, दारू भरपूर, मारा सरळ. टोकाला भोक असलेली पोकळ गोळी, वर मेण भरलेलं. ती आत जाऊन फुलते आणि वाघ जागीच बसतो, असं शेठनी छापील यादीवर बोट ठेवून सांगितलं. बरोबर गोळ्या ओतायचा साचा मिळाला. मी खूश होऊन बाहेर पडलो आणि बोरीबंदरला पोचेपर्यंत ती खुशी उतरली. निवड चुकली तर वाघासमोर मी नसणार, भावोजी असणार.

शिमगा झाल्यावर निघालो. ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी ठाण्याहून पहाटेची गाडी धरावी, उन्हाआधी कल्याण गाठता येतं. खाडीच्या कडेला मिठागरांत माणसं आधीच कामाला लागलेली होती. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा मी बंदुकीची पेटी दोन्ही पायांत धरून रामरक्षा म्हणून घेतली. ठाकुर्लीच्या शेतांत गुरं निवांत चरत होती. या गुरांना कुणी खात नाही, असं उगाच मनात येऊन गेलं. कल्याणला पोलिसानं परवाना आणि वाहतुकीचा दाखला उलटसुलट करून तपासला. कागद वरच ठेवावेत, शिदोरीखाली ठेवू नयेत. माझ्या दाखल्याला लोणच्याचं तेल लागलं होतं. स्टेशनाबाहेर बैलगाडीवाला दीड रुपया मागतो, रुपयात येतो.

मोहन्याला उल्हास नदी होडीतून ओलांडावी लागते. होडीवाला आगरी, धिप्पाड. माझ्या हातातली पेटी पाहून म्हणाला, "बंदूक हाय ना रं?"

"हो."

"मंग एवरा कशाला कापतंस? बंदूक तुज्याकरं हाय, वाघाकरं नाय!"

होडीतले सगळे हसले. मीही हसलो. पेटी मात्र आणखी घट्ट धरली.

पलीकडे दुसरी बैलगाडी केली. रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. पळस लालभडक फुललेला, करवंदीच्या जाळ्या दोन्ही अंगांनी दाट. वाटेत झऱ्यावर शिदोरी सोडली, ज्वारीची भाकरी आणि तिळाची चटणी, आणि अर्धी तशीच परत बांधली. ओल्या मातीत पाण्याच्या कडेला पंजा उमटला होता, माझ्या पसरलेल्या हाताएवढा. गाडीवान म्हणाला, "कालचा हाय." कालच्या ठशानं मला धीर येईल, असं का वाटलं असेल त्याला!

पळसपाड्याला दिवस मावळायच्या आत पोचलो. भावोजींनी बंदूक खांद्याला लावून पाहिली आणि लहान मुलासारखे हसले. "बाळू, नवरीसारखी आणलीस की!" आक्कानं बंदुकीला ओवाळलं. पण भावोजींचा माग काढणारा सोमा ठाकर कोपऱ्यात बसून एक काडतूस बोटांत फिरवत होता. साठीचा माणूस, एका कानाची पाळी अस्वलानं नेलेली. त्यानं नखानं मेण खरवडलं आणि आतलं भोक पाहिलं.

"दादा, ही पोकल हाय. आडवा वाघ मिलाला त बरी. समोरून आला त छातीचं हाड लागंल. तिथं ही फुटंल."

"छे!" मी म्हणालो. "यादीत लिहिलंय."

"वाघानं वाचलीय काय यादी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेर एक म्हातारा बैल मरून पडला होता. सोमाच्या आग्रहाखातर भावोजींनी चाळीस पावलांवरून त्याच्या खांद्याच्या फऱ्यावर एक गोळी झाडली. आम्ही जाऊन पाहिलं. वर ताटलीएवढी जखम, आणि आत हाडावर गोळीचा चुरा. दोन बोटंसुद्धा आत गेली नव्हती. भावोजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला जास्तच मेल्यासारखं झालं.

वाट सोमानंच काढली. साच्यात एक खिट्टी असते, तिच्यामुळे गोळी पोकळ होते. ती काढली की गोळी भरीव. शिसं कडक करायला त्यात कथील हवं. आक्का उठली आणि कल्हईवाल्याकडून उरलेला कथलाचा तुकडा फडताळातून घेऊन आली. तिनंच चुलीवर पळीत शिसं वितळवलं. कथील होतं तेवढ्यात पाच गोळ्या ओतल्या. साचा गार होता, म्हणून पहिल्या चार सुरकुतल्या. पाचवी गुळगुळीत निघाली, आणि एकच हवी होती. चूल विझवून, अंगणात नेऊन, भावोजींनी एका काडतुसातली पोकळ गोळी हलक्या हातानं काढली आणि ही भरीव बसवली. मी अंगणाच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभा होतो.

बेत असा ठरला: उजव्या नळीत पोकळ, डाव्या नळीत भरीव. वाघ आडवा आला तर पुढचा चाप, समोरून आला तर मागचा. ओल शिरू नये म्हणून वर मेण फासल्यावर दोन्ही काडतुसं दिसायला सारखीच. म्हणून आक्कानं करंड्यातून बोटभर कुंकू घेतलं आणि भरीव काडतुसाच्या बुडाला ठसठशीत टिकली लावली.

"आता चुकायचं नाही," ती म्हणाली.

मला वाटलं माझं काम संपलं. पण त्या गावात एक रीत आहे. विहीर बांधणारा गवंडी पहिलं पाणी पितो, तसं बंदूक आणणाऱ्यानं पहिल्या हाक्याला, म्हणजे ढोल-डबे वाजवून रान उठवतात तेव्हा, बंदुकीशेजारी बसायचं. म्हणजे कुणी फुसकी वस्तू आणत नाही. मी पोटदुखी सांगून पाहिली. आक्कानं ओवा दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाघोबाच्या दगडापुढे नारळ फोडून निघालो. भावोजींनी बंदूक घेतली आणि काडतुसं माझ्या हातात दिली. "मचाणावर भरू. सांभाळ." कोसभर वाट. मी ती दोन काडतुसं मुठीत गच्च धरून चाललो. पान वाजलं की मूठ आणखी आवळायची. ऊन चढलं होतं, घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मचाण ऐनाच्या झाडावर, दोन पुरुष उंच. मला वर चढवायला दोघे लागले.

"दे," भावोजी कुजबुजले. "कुंकवाचं कुठलं?"

मी मूठ उघडली. तळहात लाल झाला होता. दोन्ही काडतुसांची बुडं लाल. घामानं कुंकू सगळीकडे फासलं होतं, टिकली कुठेच उरली नव्हती.

वाचकहो, त्या क्षणी बोलायला हवं होतं. नखानं मेण खरवडून पाहिलं असतं तरी भोकाचं कुठलं ते कळलं असतं. पण तीन दिवस सगळे माझ्या भित्रेपणाला हसले होते, आणि ही बंदूकही माझीच चूक होती. मी त्यातलं एक उचललं आणि म्हणालो, "हे."

त्यांनी विश्वासानं ते डाव्या नळीत घातलं.

मग लांबून ढोल वाजला. डबे, आरोळ्या, हाका सुरू झाला. आधी मोर उडाले. मग एक डुक्कर धडधडत खालून गेलं, भावोजींनी सोडलं. मी देवाला म्हणत होतो, आज वाघ येऊच देऊ नकोस, आयुष्यात काही मागणार नाही.

समोरची करवंदीची जाळी हलली. आवाज काहीच झाला नाही. एवढं मोठं जनावर, आणि पाचोळासुद्धा वाजला नाही. वाघ बाहेर आला तो नाकासमोर, सरळ आमच्याकडे, वीस पावलांवर. थांबला. त्यानं मान वर केली आणि मचाण पाहिलं. मला पाहिलं, मलाच.

"भावोजी," माझा आवाज मलाच ऐकू येईना, "कुंकू पुसलंय. कुठलं कुठे आहे, मला माहीत नाही. मी खोटं बोललो."

त्यांनी मान वळवली नाही. "बरं," एवढंच म्हणाले. मी पाहिलं, त्यांची दोन बोटं दोन चापांवर गेली. एक गोळी झाडून ती फुटली तर दुसरीला वेळ नव्हता. वाघ दबला, शेपटी ताठ झाली, आणि भावोजींनी दोन्ही चाप एकदम ओढले.

मचाण हादरलं. ते माझ्या अंगावर उलटे पडले. धूर विरला तेव्हा वाघ शेवटची झेप घेऊन ऐनाच्या बुंध्याशी पडला होता आणि भावोजींचा उजवा हात लोंबत होता. दोन नळ्यांच्या एकदम बसलेल्या धक्क्यानं गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं होतं. कपाळाला घाम, ओठ पांढरे. मी रडायला लागलो. ते म्हणाले, "गप. आक्काला यातलं काही बोलायचं नाही."

सोमानं कातडं सोडवलं तेव्हा दोन जखमा दिसल्या. एक गोळी छातीच्या हाडावर चुरा होऊन पडली होती. दुसरी हाड फोडून काळजात गेली होती. ती कुठल्या नळीतून आली, ते कुणालाच सांगता आलं नाही.

ओसरीवर हाडवैद्य फळ्या बांधत असताना गावानं विचारलं, दोन्ही चाप एकदम कसे ओढले? भावोजी हसले. "वाघ समोर पाहून घाबरलो. बोटांना शुद्ध राहिली नाही." गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवसापासून पोरंसोरं त्यांना 'दोन चापांचा पाटील' म्हणू लागली. मी चार दिवस तिथे राहिलो, घावन खाल्ले, खरवस खाल्ला, आणि तोंड उघडलं नाही. निघताना आक्का गाडीपर्यंत आली. म्हणाली, "बाळू, तू शेजारी होतास म्हणून बरं. नाहीतर एकटे घाबरून त्यांनी काय केलं असतं, देव जाणे."

मी मान हलवली आणि गाडीत बसलो.

ठाण्याला येऊन आता दोन महिने झाले. कचेरीतले लोक विचारतात, सगळ्या जनावरांना चालेल अशी कुठली घ्यावी? मी सांगतो, पाचशेची घ्या, पण भरीव गोळ्या घरी ओता, साचा आधी तापवा, आणि खूण कानशीनं करा. कुंकवानं करू नका. भावोजींचं पत्र आलं आहे, डाव्या हातानं लिहिलेलं. हात खांद्याच्या वर जात नाही. बंदूक आता सोमा उचलून देतो. पत्रात खाली आहे, 'नवं मासिक पाठवा, तुमची आक्का वाट पाहते.'

म्हणून हे लिहून त्याच मासिकात छापायला दिलं. भावोजी, आता दुपार असेल, आक्का शेजारी सुपात तांदूळ निवडत बसली असेल. तुम्ही पान उलटायला बोट उचललं असेल. उलटू नका. मोठ्यानं वाचा. आक्का, ऐक. त्या मचाणावर घाबरला होता तो मी.